पासपोर्ट कोणाच्या हातात?

कुणी व्हिसा मिळाल्याचे पेढे आणले की याकोबकाका रणपिसे पेढ्याला हात लावत नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडतो आणि ते विचारतात, "पासपोर्ट कोणाच्या हातात राहणार?"

अभिनंदन वगैरे नंतर, आठवलं तर.

काका आमच्या चर्चची रजिस्टरं सांभाळतात. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, सगळ्या नोंदी त्यांच्या कपाटात. मी चर्चच्या ऑफिसात सेक्रेटरी आहे, त्यामुळे गेली अकरा वर्षं त्यांची भीती माझ्या टेबलासमोर बसलेली असते. पंख्याखाली ते बसत नाहीत. खडकवासला धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की सगळी रजिस्टरं माळ्यावर चढवतात. नदी आमच्यापासून चांगली लांब आहे हे मी एकदा नकाशा काढून दाखवलं. "तरी भीती वाटते बुवा," म्हणाले, आणि शिडी धरायला मलाच लावलं.

परदेशाची भीती मात्र त्यांची एकट्याची नाही. ती त्यांना वारशात मिळाली.

आमच्या मंडळीतली माणसं पिढ्यानपिढ्या बाहेर जात आली आहेत. आधी बोटीने आफ्रिकेत रेल्वेच्या कामावर, मग विलायतेत नर्स म्हणून, आता आखातात. वेदीच्या डाव्या बाजूला लाकडी फळ्यावर त्यांची नावं आणि देश आहेत. एका नावापुढे काहीच लिहिलेलं नाही. ती मुलगी कुणाच्या तरी घरी आया म्हणून गेली आणि तिचं पत्र कधी आलं नाही. तिला बोटीवर बसवून द्यायला रूथबाई गेल्या होत्या. रूथबाई म्हणजे चर्चच्या मागच्या खोल्यांत टाकून दिलेली मुलं वाढवणारी नर्स. याकोबकाका त्या मुलांतलेच. त्या प्रकारानंतर बाईंनी नियम केला: बाहेर गेलेल्याने दर नाताळाला स्वतःचे कागद स्वतःच्या हातात धरून फोटो काढायचा आणि चर्चला पाठवायचा. कागद दुसऱ्याच्या कपाटात गेले की माणूसही तिथेच अडकला, असं त्या म्हणत.

बाई गेल्या, नियम काकांकडे आला. मोबाइल आल्यावर त्यांनी तो वर्षावरून महिन्यावर आणला. आता पहिल्या रविवारी जगभरातून वैतागलेले चेहरे येतात. कुणी लिफ्टमध्ये, कुणी भाजी चिरताना, हातात पासपोर्ट. कॅनडातल्या एका सॉफ्टवेअरवाल्याने फोन करून सांगितलं, "काका, मी आता इथला नागरिक झालोय. माझा पासपोर्ट कोण घेणार?"

"तिथलाही असेलच ना? दाखव."

त्याने दाखवला.

माझी भाची शेरॉन आखातात एका घरी आजाऱ्याची नर्स म्हणून निघाली तेव्हाही हे सगळं झालं. नर्सिंग केलेली, तोंडाने फटकळ, कुणाला घाबरायची नाही. काकांनी तिच्या एजंटला इतके प्रश्न विचारले की तो मला म्हणाला, "मॅडम, हे पोलिसात होते का?" मला लाज वाटली. मीच काकांना सुनावलं, "अहो, पोरीला आनंदाने जाऊ द्या की."

पहिले दोन फोटो छान आले. पासपोर्ट उघडलेला, शेरॉनची जीभ बाहेर. तिसऱ्या महिन्याचा फोटो आला त्या रविवारी उपासना संपवून आम्ही ऑफिसात बसलो होतो. मी बघितला. शेरॉन, पासपोर्ट, सगळं जागेवर. काकांनी चष्मा पुसला, फोटो मोठा केला.

"हा तिने धरलेला नाही."

"मैत्रिणीने धरला असेल."

"मैत्रिणीच्या मनगटावर एवढे केस?"

फोटोच्या कडेला पुरुषाच्या शर्टाची बाही होती. शेरॉनचे दोन्ही हात खाली होते.

मी फोन लावला. तिने उचलला. "सगळं छान आहे, मावशी. कामात आहे. ठेवते."

शेरॉनने मला जन्मात मावशी म्हटलेलं नाही. 'ए माऊ' म्हणते. पोलीस, दूतावास, तो एजंट, काय आधी करायचं ते सुचेना. बहिणीला काय सांगू, एवढंच डोक्यात फिरत होतं.

पंख्याला घाबरणाऱ्या या माणसाचा आवाज मात्र त्या दिवशी जराही हलला नाही. त्यांनी त्याच शहरातल्या लीनाबाईंना फोन लावला. आमच्याच मंडळीतल्या, तीस वर्षं तिथल्या दवाखान्यात नोकरी केलेल्या.

"याकोब, आत्ताच तर पाठवला फोटो! किती छळशील?"

"लीना, पत्ता लिहून घे. नवऱ्याला बरोबर ने. तिच्या कामाच्या घरी जा आणि म्हणावं, चर्चमधून आलोय, पोरीला पासपोर्टसकट बघायचंय. नाही म्हणाले तर तिथूनच दूतावासाला फोन लाव. त्यांच्यादेखत."

मग आम्ही वाट बघितली. मी तीनदा फोनचं चार्जिंग तपासलं. काका रजिस्टरात मान घालून बसले होते. दोन तासांत त्यांनी एक पान उलटलं नाही.

शेवटी फोटो आला. लीनाबाईंच्या गाडीत शेरॉन, डोळे सुजलेले, पासपोर्ट दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. मागोमाग तिचा फोन. रडत होती. मालकाने पहिल्याच महिन्यात पासपोर्ट काढून घेतला होता, दुसरा फोटो तिने आधीच काढून ठेवलेला पाठवला होता. तिसऱ्यासाठी मालकाने पासपोर्ट स्वतःच धरला, आणि लीनाबाईंनी दूतावासाचं नाव काढल्यावर तो परत दिला. "तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही, काका."

"मी रोजच घाबरतो. बोलायचं," काका म्हणाले. "आता लीनाकडे जेव आणि झोप."

फोन ठेवल्यावर ते खुर्चीत मागे टेकले. मी त्यांना पाणी दिलं, बहिणीशी बोलले, कपाटाला कुलूप घातलं. काका हलले नाहीत.

"सगळं ठीक झालं, काका. घरी जा आता."

"बसतो जरा," ते म्हणाले. "घरी गेलं की कुणासाठी घाबरावं असं कुणी नाही."

चार वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं. वारज्याला घरी मी रोज एकटीच जाते.

"मला आज रिक्षाने एकटीला जायला भीती वाटतेय," मी म्हणाले. "सोबत येता?"

काका ताडकन उठले. "अहो, मग आधी सांगायचं नाही का? रिक्षाचा नंबर लिहून घ्या. आणि कडेला बसू नका, मध्ये बसा."