अठरा बिल्ले

माणसं मोजण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय, असं मी छाती ठोकून सांगत असे. एकतीस वर्षं मी कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर होतो. नऊशे कामगार, नऊशे पितळी बिल्ले. आत जाताना बिल्ला 'आत'च्या खिळ्यावर, बाहेर पडताना 'बाहेर'च्या. एकतीस वर्षांत चूक फक्त एक झाली. तिच्याबद्दल पुढे सांगतो. सांगावंच लागेल.

निवृत्तीनंतर मी मुलांच्या उन्हाळी निसर्ग शिबिरात हजेरी घेऊ लागलो. माझ्याआधी शिबिर घेणाऱ्या बाई चक्क डोकी मोजायच्या. डोकी! हलणारी, झाडामागे जाणारी, एकमेकांच्या टोप्या घालणारी! मी पहिल्याच दिवशी फळा ठोकला. 'पलीकडे' आणि 'अलीकडे' असे दोन रकाने आणि लाकडाचे अठरा बिल्ले, प्रत्येकावर एकेक प्राणी. कासवाचा बिल्ला माझ्या नातीचा. ती सुट्टीत माझ्याकडे यावी म्हणून मी लेकीची तीन वर्षं मनधरणी केली होती. शेवटी तिने पाठवली आणि निघताना एवढंच म्हणाली, "बाबा, फळ्याकडे नाही, पोरीकडे बघा."

मी म्हटलं, "अगं, फळ्याकडे बघितलं की पोरीकडे बघितल्यासारखंच आहे."

शिबिर नदीकाठी होतं. तंबू आणि जेवण अलीकडे, झाडं आणि पाखरं पलीकडे. मधे घोटाभर पाणी आणि त्यात पाय ठेवायला टाकलेले दगड. रोज चार वाजता वरच्या धरणातून पाणी सुटायचं आणि ते दगड दिसेनासे व्हायचे. धरणावरचा भोंगा बिघडलेला होता. त्यामुळे तिथला गेटमन दार उघडण्याआधी मला फोन करायचा. मी 'सगळे अलीकडे' म्हटल्याशिवाय तो चाकाला हात लावायचा नाही.

त्या दिवशी फोन आला, तेव्हा मी खुर्चीतून न उठता मान वळवली. 'अलीकडे'च्या रकान्यात अठरा बिल्ले, एका रेषेत. बघून बरं वाटलं. "सगळे अलीकडे," मी म्हणालो.

सव्वाचारला खाऊ वाटून झाल्यावर स्वयंपाकीणबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "एक ताटली उरली."

"तुम्ही एकोणीस मांडल्या असतील."

"मी अठराच मांडते."

"फळाही अठराच म्हणतोय. म्हणजे तुमच्याच एकोणीस झाल्या."

"आजोबा, शिबिरात एकोणीस ताटल्या नाहीतच."

आता हजेरीतलं कोण मला शिकवणार? मी ताटल्या दोनदा मोजल्या. अठरा. मग मला वाटलं, एखादं पोर न खाताच खेळायला पळालं असेल. मी मुलांना रांगेत उभं केलं, त्यांच्याकडे पाठ करून फळ्यासमोर उभा राहिलो आणि एकेक बिल्ला वाचू लागलो.

"घुबड?"

"हजर."

"खार?"

"हजर."

"कासव?"

"हजर," जरा बारीक आवाजात.

"घ्या," मी स्वयंपाकीणबाईला म्हणालो. "अठराच्या अठरा."

ती मुलांकडे बघत होती. "आजोबा, कासवाचा हजर खारीच्या तोंडातून आला."

मी वळलो. कासवाची जिवलग मैत्रीण खार रांगेत मान खाली घालून रडत होती. "तिला कोषातून फुलपाखरू बाहेर येताना बघायचं होतं," ती हुंदके देत म्हणाली. "ती म्हणाली, माझा बिल्ला तू टांग. नाहीतर आजोबा काळजी करतील."

आता ती चूक सांगतो. कारखान्यात भट्टीपाशी आग लागली, तेव्हा मी फळा बघून बंबवाल्यांना सांगितलं, आत कोणी नाही. आत एक फिटर होता. सुट्टी झाल्यावर रांगेत वेळ जाऊ नये म्हणून त्याचा बिल्ला त्याच्या दोस्ताने आधीच 'बाहेर'वर टांगला होता. त्यानंतर मी काय केलं? खिळे मजबूत केले.

मी नदीकडे धावलो. धावलो म्हणजे, सत्तरीतला माणूस धावतो तसा, एक चप्पल मागे टाकून. दगड गेले होते. गढूळ पाणी छातीभर तरी असेल. धावता धावताच फोन लावला, "दार बंद करा!"

"करतो," गेटमन म्हणाला. "पण सुटलेलं पाणी मागे कसं घेऊ? तुम्हीच म्हणालात, सगळे अलीकडे."

शिबिराच्या बाई काठाने हाका मारत खाली गेल्या आणि परत आल्या. त्यांच्या हातात निळी टोपी होती. ती फांदीला अडकली होती. टोपीच्या आत माझ्या लेकीने दोऱ्याने नाव घातलं होतं. मी चिखलात बसलो. लेकीला फोन करायचा, एवढंच कळत होतं. पण तिचा नंबर कुठे दाबायचा, ते काही केल्या सुचेना.

"आजोबा!"

पलीकडच्या काठावर, वरच्या खडकावर ती उभी होती. गुडघ्यापर्यंत ओली.

"मी येत होते," ती ओरडून म्हणाली, "पण पाणी पाय ओढायला लागलं. टोपी गेली. मग मी मागे फिरले."

पाणी उतरायला दीड तास लागला. तोवर मी तिला तिथेच बसायला सांगत होतो आणि सारखी एक, एक, एक अशी मोजत होतो. फुलपाखरू आलं का, हे विचारायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी ती मला म्हणाली, "आईला नका सांगू." मी सांगितलं. लेक आली, पोरीला घेतलं, ओली टोपी घेतली आणि गेली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

फळा मी फोडून चुलीत घातला. आता डोक्यांवर हात ठेवून मोजतो. चारच्या आधी फोन येतो.

"पोरं बघून सांगताय ना?" गेटमन विचारतो.

"पोरं बघून. सतरा."

"आधी अठरा होती."

"एक घरी आहे."

"नक्की?"

खरं तर मला माहीत असतं. तरी मी त्याला थांबायला सांगून लेकीला फोन लावतो.

"आहे, बाबा. समोर बसलीय," ती म्हणते आणि फोन ठेवते. हल्ली ती माझ्याशी एवढंच बोलते. मग मी गेटमनला सांगतो, सोडा पाणी.