डॉक्टर शिव्या देतात तोवर

रामाजीच्या तेरवीला, गेल्या उन्हाळ्यात, केशव डॉक्टरांनी मयताच्या पानावरची खर्ऱ्याची पुडी उचलली आणि मांडवाबाहेर उकिरड्यावर फेकली. पुडी रामाजीच्या धाकट्या भावानं ठेवली होती. मेलेल्या माणसाला जे आवडायचं ते त्याच्या पानात वाढायचं, अशी आमच्याकडची रीत आहे. रामाजी तोंडाच्या कॅन्सरनं गेला होता.

केशव डॉक्टर कॅन्सरचे सर्जन. बाप पवनीला मागावर लुगडी विणायचा. नागपुरात मोठ्या दवाखान्यात नाव झाल्यावर डॉक्टर परत आले आणि भंडाऱ्यात बसले. राहतात लाखनीला, एकटे. पत्नी वारल्याला बराच काळ झाला. गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तिकडचे पेशंट मात्र वेगळे झाले नाहीत. ते आजही सकाळच्या गाडीनं यांच्याच दारात उतरतात आणि शिव्या खातात.

डॉक्टर नमस्काराला नमस्कार करत नाहीत. "आ कर," म्हणतात. मग "तीन बोटं." तीन बोटं उभी करून तोंडात गेली पाहिजेत. तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा वर्षानुवर्षं गालात धरला की तोंड आवळत जातं. तीनाची दोन होतात, दोनाचं एक. ही तपासणी डॉक्टर बँकेत करतात, पेट्रोलपंपावर करतात. सिहोऱ्याच्या एका लग्नात त्यांनी ती बोहल्यावर केली. नवरदेवाची दोनच बोटं गेली. डॉक्टरांनी आहेराचं पाकीट परत खिशात घातलं.

नवरीचा बाप घाबरला. "लगन थांबवू का जी?"

"लगन कर. याचा खर्रा थांबव. नाहीतर पोरीले जन्मभर पेज गाळत बसा लागन."

नातेवाइकांवर त्यांचा विशेष राग. आमच्याकडे कॅन्सर झाला की साऱ्या गावाला सांगतात, फक्त ज्याला झाला त्याला सांगत नाहीत. लाखनीचा वार्ताहर म्हणून मी त्यांच्या दवाखान्यात अनेकदा बसलो आहे. एकदा दोन मुलगे म्हाताऱ्याला बाहेर बसवून आत आले. थोरला हळूच म्हणाला, "साहेब, बुढ्याले सांगू नोका. त्याले वाटते, दाढ दुखून राहिली."

डॉक्टरांनी दार उघडलं. "ए बाबा, इकडे ये! तुले कॅन्सर हाय. दाढ नाही, कॅन्सर. आयकलं? तोंड तुहं, दुखनं तुहं, आन् हे तुह्यापासूनच लपवतेत! नालायक पोट्टे! मी कोनाशी खोटं बोलत नाही."

म्हातारा म्हणाला, "मले मालूम हाय. मीच यायले सांगत नोव्हतो."

यावर डॉक्टरांनी त्यालाही धुतलं.

या शिव्यांचा लोकांनी एक अर्थ लावला होता, आणि तो बराचसा खरा होता. ज्याची आशा आहे त्यालाच डॉक्टर शिव्या देत. कोंढ्याची एक बाई एस.टी.तून उतरली ती ओरडतच, "डॉक्टरनं मले म्हैस म्हनलं!" घरच्यांनी साखर वाटली. ती आजही शेण थापते आहे. उलट एका निवृत्त गुरुजींना डॉक्टर म्हणाले, "बसा सर, पानी घ्या." गुरुजींच्या मुलानं तिथल्या तिथं घरी न्यायला गाडी ठरवली.

रामाजीचा पानठेला लाखनीत, महामार्गाच्या कडेला. ठेल्यामागेच घर. भंडाऱ्याला जाताना डॉक्टर रोज सकाळी ठेल्यासमोर गाडी उभी करत आणि हॉर्न देत. रामाजी बाहेर येऊन आ करी, तीन बोटं घालून दाखवी. गिऱ्हाईक हसत.

"एक दिवस तुहा ठेला जाळतो," डॉक्टर म्हणत.

"जाळा न जी. मंग तुमचा दवाखाना कसा चालन?"

डॉक्टर दिवसातलं पहिलं वाक्य रामाजीशीच बोलत, असं रामाजीची बायको सुमनबाई सांगते. घरी बोलायला कोणी नव्हतं.

तेरवीच्या आदल्या पावसाळ्यात एका सकाळी डॉक्टर गाडीतून खाली उतरले. रामाजीच्या गालात आत त्यांना चट्टा दिसला होता. टॉर्च लावून पाहिला. मग मालाचे ट्रक थांबावेत इतक्या जोरात ओरडले. बैल म्हणाले, खाटीक म्हणाले, बापाचाही उद्धार केला. "उद्याच्या उद्या भरती हो! कापून काढतो. वाचशील!"

रामाजी खूश झाला. इतक्या शिव्या लाखनीत कोणालाच पडल्या नव्हत्या. इतक्या शिव्या म्हणजे जीवाला धोका नाही, आणि धोका नाही तर घाई कशाला? शिवाय त्याच्या भावाला पक्कं माहीत होतं की कॅन्सरला लोखंड लागलं की तो पसरतो. हे इथं सगळ्यांनाच पक्कं माहीत असतं. जंगलाकडच्या गावातला एक वैदू बिनकापाचा इलाज करत होता. रामाजी तिकडे गेला. वैदू गालाला पाला थापायचा आणि चट्टा जळतो आहे असं सांगायचा. जळत होता तो गाल.

ठेल्यावर भाऊ बसू लागला. डॉक्टर हॉर्न देत, भाऊ सांगे, "सिहोऱ्याले गेला जी, पाव्हण्याकडे." डॉक्टर त्याला शिव्या देऊन पुढे जात. दुसऱ्या दिवशी पुन्हा हॉर्न.

दिवाळीनंतर रामाजी दवाखान्यात आला. मी एका शिबिराच्या बातमीसाठी तिथं बसलो होतो. त्यानं तोंडावरचा रुमाल काढला. गालाला आरपार भोक पडलं होतं. डॉक्टरांनी टॉर्च लावला, मानेवरून बोटं फिरवली, टॉर्च बंद केला.

"बसा रामाजी," ते म्हणाले. "बाई, तुम्हीही बसा."

सुमनबाई भिंत धरून खालीच बसली. तिनं तोंडात पदर कोंबला.

रामाजीनं रुमाल परत दाबून धरला. "साहेब, असं नोका बोलू जी. शिवी द्या न."

डॉक्टरांनी टॉर्च खणात ठेवला.

"एखादी तरी. हिच्याकरता."

डॉक्टर खुर्चीवरून उठले. "बैलाले अक्कल असते, तुले तेवढीबी नाही!" ते ओरडले. "गध्या! पाला थापून बसला आन् आता माह्या डोक्यावर आला! जनावर! तुले नाही ठोकला तर नावाचा नाही!" बाहेरच्या बाकांवरचे लोक दाराशी गोळा झाले. डॉक्टर थांबेनात. त्यांना येत होत्या तेवढ्या शिव्या संपल्या, तेव्हा त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.

"देऊन राहिले," सुमनबाई डोळे पुसत म्हणाली. "देऊन राहिले जी."

रामाजी रुमालाआड हसला.

पुढचा पेशंट आत आला. त्याच्या पाठीवर साधी चरबीची गाठ होती. डॉक्टर त्याला म्हणाले, "बसा." तो रडायला लागला.

रामाजी उन्हाळ्याच्या तोंडाशी गेला. शेवटपर्यंत डॉक्टर घरी येऊन त्याचं नाक-तोंड पुसत आणि शिव्या देत, असं सुमनबाई सांगते.

तेरवीच्या मांडवात पुडी फेकल्यावर रामाजीचा भाऊ डॉक्टरांच्या अंगावर धावला. "आमच्या भावाले आवडे ते!"

"आवडे म्हनूनच मेला! आन् तू त्याले वैदूकडे नेला! मेल्यावर तरी त्याचं तोंड सोडा रे!"

चार जण मध्ये पडले. कोणीतरी म्हणालं, डॉक्टरला हाकला. सुमनबाई म्हणाली, "राहू द्या. जेवू द्या त्यायले." डॉक्टर पंगतीत बसले, पण पानाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठेल्यासमोरच्या चहाच्या टपरीवर होतो. ठेल्याला ताडपत्री बांधलेली होती. डॉक्टरांची गाडी आली, थांबली. त्यांनी हॉर्न दिला. कोणी आलं नाही. त्यांनी गाडी बंद केली. थोड्या वेळानं पुन्हा हॉर्न दिला.

ठेल्यामागच्या घरातून सुमनबाई बाहेर आली. गाडीजवळ उभी राहिली आणि तिनं आ केला.

डॉक्टरांनी काच खाली घेतली. तिच्याकडे पाहिलं, ठेल्याच्या ताडपत्रीकडे पाहिलं.

मग ओरडले, "आनखी मोठं उघड, म्हशे!"

सुमनबाईनं तीन बोटं घालून दाखवली. तिन्ही गेली. गाडी भंडाऱ्याकडे निघून गेली.