देशी इंजिन, विदेशी गिअर आणि सुभानरावांचं फिरतं घर

एका जंगलात एक रानडुक्कर राहत होतं आणि ते नुकतंच रिटायर झालं होतं.

मुलांनो, रानडुक्कर कशातून रिटायर होतं, असं मधेच विचारू नका. तुमचे आजोबा नेमके कशातून रिटायर झाले, हे तरी तुम्हांला कुठे ठाऊक आहे? तर हे रानडुक्कर कंदमुळं खात्यात होतं. नाव सुभानराव. खात्यात होते तोवर सगळं जंगल त्यांना वाकून नमस्कार करायचं. रिटायर झाले आणि साधा ससासुद्धा वाट सोडेना. सुभानरावांना हे फार लागलं.

त्यांच्या बायकोचं नाव आवडाबाई. लग्नात रुखवतावर कुणीतरी एक शंख ठेवला होता. सुभानराव मांडवातच तिला म्हणाले होते, "हा कानाला लाव. समुद्र ऐकू येतो. खरा समुद्र मी तुला दाखवीन." आवडाबाईंनी शंख कानाला लावला आणि त्या दिवसापासून त्या वाट बघत राहिल्या. दर उन्हाळ्यात सुभानराव म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." मग पिल्लं झाली. पिल्लांना पिल्लं झाली. शंख हळदीच्या डब्याशेजारी पडून राहिला. भाकरी थापता थापता आवडाबाई तो कधीमधी कानाला लावायच्या, म्हणून त्याला कायम पीठ लागलेलं असायचं.

"आता तरी जायचं ना?" सुभानराव रिटायर झाले त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"नुसतं नाही जायचं," सुभानराव म्हणाले. "घर घेऊन जायचं. चाकांवरचं घर."

वानरे मिस्त्रींनी घर बांधायला घेतलं. मिस्त्री माकड होते आणि त्यांच्या हातात कसब होतं. पुढे स्टिअरिंग आणि सुभानरावांची खुर्ची. मधे झोपायची जागा. सगळ्यात शेवटी स्वयंपाकघर, एका बाजूला चूल आणि दुसऱ्या बाजूला मोरी.

"मला मागे एक मोठी खिडकी हवी," आवडाबाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी ती लगेच बसवली. स्वयंपाकघरातल्या खिडकीवर चर्चा करावी असं कुणाला वाटलं नाही.

आता राहिलं इंजिन आणि राहिला गिअरबॉक्स. मुलांनो, इंजिन म्हणजे जोर. गिअरबॉक्स म्हणजे तो जोर चाकांपर्यंत पोचवणारा मधला माणूस. मधल्या माणसाशिवाय जंगलात काहीच हलत नाही, हे तुम्हांला मोठेपणी कळेलच.

देशी मालाचे व्यापारी होते रेडेपाटील. ते स्वतः रेडा होते आणि बोलताना पुढचा पाय आपटायचे.

"आपलं इंजिन घ्या, सुभानराव. कुठंबी बंद पडू द्या, कुणीबी दुरुस्त करतंय."

"म्हणजे बंद पडतं?"

"पडतंय की! पण आपलेपणानं पडतंय. परक्यावानी न सांगता पडत न्हाई. आधी खोकतंय, मग धूर काढतंय, मगच पडतंय."

विदेशी मालाचे व्यापारी पेंग्विनसाहेब होते. ते काळा कोट घालूनच जन्माला आले होते, त्यामुळे त्यांचं बोलणं सगळ्यांना खरं वाटायचं.

"आमचा माल बंद पडत नाही," ते म्हणाले.

"आणि पडला तर?"

"तर तो आमचा नव्हता, असं आमची कंपनी आपल्याला कळवते."

सुभानरावांनी दोघांकडे बघून गंभीरपणे मान हलवली. अशी मान हलवताना त्यांना फार बरं वाटलं. खात्यात असताना ते अशीच हलवायचे.

त्या जंगलात एक रीत होती. कुणी नवी गाडी घेतली की सगळ्यांनी ती बघायला जायचं, चाकाला एक लाथ मारायची, "हं" म्हणायचं आणि आपलं मत द्यायचं. घरधन्यानं चहा पाजायचा. सुभानरावांच्या दारात रोज ही रांग लागली. सांबर आलं, लाथ मारून म्हणालं, "विदेशीच घ्या." अस्वल आलं, लाथ मारून म्हणालं, "देशीच घ्या." गोगलगाय आली. तिला लाथ मारता येईना, म्हणून तिनं नुसतंच मत दिलं, की घर घेऊन फिरण्यात काही अर्थ नाही, पाठ दुखते.

"अहो, मी एक विचारू का?" आवडाबाई दारातून म्हणायच्या.

"तू चहा टाक," सुभानराव म्हणायचे.

पावसाळा गेला. थंडी गेली. चाकांभोवती गवत वाढलं. आवडाबाईंना विचारायचं होतं ते इतकंच, की निघायचं कधी. पण सुभानरावांना निघायची घाई राहिली नव्हती. सगळं जंगल पुन्हा त्यांच्या दारात येत होतं. निघालं की कोण येणार?

शेवटी चहापत्ती संपायला आली, तेव्हा जांभळीखाली मोठी बैठक बसली. देशी घ्यावं तर पेंग्विनसाहेब रुसणार. विदेशी घ्यावं तर रेडेपाटील कायमचे बोलायचे बंद होणार. मग अस्वलानं तोडगा काढला.

"इंजिन आपलं घ्या, गिअरबॉक्स त्यांचा घ्या. दोघांचाही मान राहतो."

"वा!" सगळं जंगल म्हणालं. "मुलगा आपला, मुलगी बाहेरची. चालतं हल्ली."

मुलांनो, हे उपमा म्हणून बोललं गेलं होतं. पण जंगल उपमेवर थांबत नाही. चांगला दिवस बघून इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा गिअरबॉक्सच्या आत गेल्या. इंजिनाकडून रेडेपाटलांनी आणि गिअरबॉक्सकडून पेंग्विनसाहेबांनी एकमेकांना टोप्या घातल्या. मग मिस्त्रींनी दोन्ही जोडलं.

फक्त एक गोष्ट कुणी बघितली नाही. रेडेपाटलांचं इंजिन फिरायचं देवळाला प्रदक्षिणा घालावी तसं. पेंग्विनसाहेबांच्या देशात सगळं त्याच्या उलट फिरायचं. दोघांनाही आपल्या मालाची माहिती होती. दुसऱ्याच्या मालाची चौकशी करणं त्यांना कमीपणाचं वाटलं.

निघायचा दिवस आला. घराला आंब्याचं तोरण लावलं. चाकांखाली लिंबं ठेवली. घराच्या मागे अस्वलाचं बँडपथक उभं राहिलं. आवडाबाई शंख घेऊन स्वयंपाकघरात बसल्या. सुभानरावांनी गॉगल चढवला, पहिला गिअर टाकला आणि जोरात पाय दाबला.

घर सणसणत मागे गेलं.

बँडपथक झाडावर चढलं. ढोल मात्र खालीच राहिला आणि त्याचा व्हायचा तो आवाज झाला. सुभानरावांनी घाबरून दुसरा गिअर टाकला. घर आणखी जोरात मागे गेलं.

"रिव्हर्स टाका!" वानरे मिस्त्री ओरडले. "उलट्याचं उलट होईल!"

"यात रिव्हर्स नाही," पेंग्विनसाहेब शांतपणे म्हणाले. "आमच्याकडे बर्फ असतो. एकदा घसरलं की पुढेच जायचं असतं. मागे जायची आमच्यात पद्धत नाही."

घर शेवटी करवंदीच्या जाळीत अडकून थांबलं. रेडेपाटील म्हणाले, चूक गिअरबॉक्सची. पेंग्विनसाहेब म्हणाले, चूक इंजिनाची. जंगलात दोन तट पडले. बैठक पुन्हा जांभळीखाली बसली आणि सुभानराव पुन्हा मधोमध बसून मान हलवू लागले. दोन्ही मुद्द्यांत त्यांना तथ्य वाटत होतं.

दुपारी त्यांना चहाची आठवण झाली. चहा आला नाही. ते उठून बघायला गेले.

आवडाबाई खिडकीशी बसल्या होत्या. शंख कानाला लावलेला होता आणि डोळ्यांतलं पाणी नाकावरून सुळ्यापर्यंत आलं होतं. सुभानरावांनी तिला इतक्या वर्षांत रडताना बघितलं नव्हतं. ती चिडायची, भांडायची, पण रडायची नाही. त्यांना एकदम आपली लाज वाटली. मांडवात दिलेला शब्द त्यांना आठवला आणि जांभळीखालचा गलबला नकोसा झाला.

"अगं, मी तरी काय करू?" ते म्हणाले. "मेलं मागेच जातंय."

आवडाबाईंनी पदरानं नाक पुसलं.

"मागे जातंय ना? मग त्याची पाठ समुद्राकडे करा."

सुभानरावांनी जाऊन हत्तीला बोलावलं. हत्तीनं घर जाळीतून उचललं आणि सोंडेनं गोल फिरवून ठेवलं. सूर्य मावळतो त्या बाजूला स्वयंपाकघराची खिडकी झाली.

आणि घर निघालं.

सुभानराव पुढे बसले होते, म्हणजे आता मागे. त्यांना रस्ता दिसत नव्हता. रस्ता दिसत होता आवडाबाईंना.

"डावीकडे घ्या!" त्या ओरडल्या.

सुभानरावांनी डावीकडे घेतलं आणि घर वारुळावर चढलं.

"अहो, माझ्या डावीकडे!"

"मला काय माहीत तुझी डावी बाजू कुठे असते?"

वारुळातल्या मुंग्यांनी यावर दोघांनाही आपलं मत दिलं. ते चावरं होतं. त्यानंतर मात्र आवडाबाईंनी डावं-उजवं सोडूनच दिलं. "चुलीकडे घ्या," असं त्या सांगू लागल्या, नाही तर "मोरीकडे घ्या." चूल आणि मोरी दोघांसाठीही एकाच जागी होती. सुभानरावांना आयुष्यात पहिल्यांदा मोरी कोणत्या बाजूला आहे, हे लक्षात ठेवावं लागलं.

वाटेत वाघ भेटला. काचेतून सुभानरावांचं तोंड दूर दूर जाताना बघून त्यानं अच्छा केला. आपल्याला घाबरून पळतंय, असं त्याला वाटलं आणि त्याचा दिवस चांगला गेला.

"अगं, केवढा मोठा वड!" सुभानराव ओरडायचे.

"तो मघाशीच येऊन गेला," आवडाबाई म्हणायच्या. "आता नदी आली."

सुभानरावांना नदी दिसायची तेव्हा आवडाबाई डोंगरावर पोचलेल्या असायच्या. दोघं एकाच घरात होती, पण आवडाबाई नेहमी थोड्या आधी पोचायच्या. असं तर फार वर्षं चाललं असेल, असं सुभानरावांच्या मनात आलं.

एका संध्याकाळी आवडाबाईंचा आवाज थांबला.

"चुलीकडे की मोरीकडे?" सुभानरावांनी विचारलं.

त्यांनी मान मागे वळवून पुन्हा विचारलं.

"अगं, चुलीकडे की मोरीकडे?"

सुभानरावांनी करकचून ब्रेक दाबला. त्यांच्या समोर काचेतून फक्त माड दिसत होते आणि आपण आलो तो रस्ता. ते खुर्चीवरून उठले, झोपायच्या जागेतून धडपडत, तव्याला अडखळत स्वयंपाकघरात गेले.

आवडाबाई खिडकीत उभ्या होत्या. खिडकी काठोकाठ समुद्रानं भरली होती.

"आला?" सुभानरावांनी हळूच विचारलं.

"आला."

त्यांनी हातातला पीठ लागलेला शंख कानाला लावला. मग समुद्राकडे बघितलं. मग पुन्हा शंख लावला.

"अहो, सगळं तस्संच आहे," त्या म्हणाल्या. "ह्यानं एवढंसुद्धा खोटं सांगितलं नव्हतं."

त्या थोड्या सरकल्या आणि त्यांनी सुभानरावांना अर्धी खिडकी दिली. सुभानरावांनी गॉगल काढला. दोघांनी मिळून बराच वेळ समुद्र बघितला. मग सुभानरावांना राहवलं नाही.

"मी म्हणालो होतो ना, दाखवीन म्हणून?"

"म्हणाला होतात," आवडाबाई समुद्रावरची नजर न काढता म्हणाल्या. "आता चहा टाका."

आणि मुलांनो, सुभानरावांनी चहा टाकला. चूल कोणत्या बाजूला आहे, हे त्यांना आता पाठ झालं होतं.

ही बातमी जंगलात पोचली तेव्हा जांभळीखालची बैठक अजून चालूच होती. रेडेपाटील म्हणाले, बघा आमच्या इंजिनाचा जोर. पेंग्विनसाहेब म्हणाले, बघा आमच्या गिअरची सफाई. जंगलानं दोघांचाही सत्कार केला. मागे जाणाऱ्या घरांना अशी मागणी आली की वानरे मिस्त्रींना जेवायला सवड मिळेना. नव्या घरांत एकच सुधारणा केली होती. स्वयंपाकघराची मागची खिडकी बंद केली होती. तिच्यातून वारा येऊन चूल विझते, अशी बैठकीत तक्रार आली होती.

तात्पर्य : इंजिन देशी घ्यावं की विदेशी, हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे. तो कधीही सोडवू नये. सुटला तर निघावं लागतं, आणि निघालं तर चहा आपल्याला टाकावा लागतो.