लोटन नाना आणि तारेचे तीन फेर

लोटन नानांसमोर कुठल्याही मुलाने शाब्दिक उदाहरण वाचायला घेतलं की ते आधी त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतात आणि स्वतःच्या कानावर खोचतात. मग विचारतात, "हाऊ मानूस कोन शे?"

म्हणजे, रमेशने सव्वीस मीटर कापड घेतलं असेल तर हा रमेश कोण? एवढं कापड कशाला? घरात लग्न आहे की तो शिंपी आहे? हे ठरेपर्यंत सव्वीसला हात लावायचा नाही. "आधी मानूस, मग आकडा," हे त्यांचं ब्रीद. आणि समोरचा चुळबुळला की दुसरं, "घाई काय शे?"

घाई होती. आणि ती मला होती.

आमची पूर्वा पाचवीत गणितात नापास झाली. हल्ली पाचवीला नापास करतात. जूनमध्ये फेरपरीक्षा, तीही गेली तर पुन्हा पाचवी. निकालाच्या दिवशी जेवताना ती एकदम म्हणाली, "पप्पा, बाकीच्या सहावीत गेल्यावर मी डबा कोणाबरोबर खाऊ?" मी हात धुतले आणि तिचं गणिताचं पुस्तक शोधायला उठलो.

सुरुवातीला मीच शिकवायला बसलो. पहिल्या दिवशी प्रेमाने शिकवलं, दुसऱ्या दिवशी मोठ्याने. तिसऱ्या दिवशी बायकोने पुस्तक काढून घेतलं. "पोर गणितात नापास झालीय. तुम्ही आता बाप म्हणून नका होऊ," म्हणाली आणि पूर्वाला घेऊन समोरच्या घरी गेली.

समोरच्या घरी नाना राहतात. चोपड्याकडच्या खेड्यांत तेहतीस वर्षं प्राथमिक शिक्षक होते. काकू गेल्यापासून धुळ्यातल्या देवपूरच्या या घरात एकटेच असतात. मराठी शुद्ध बोलतात, पण गणित रंगात आलं की अहिराणीत शिरतात.

नानांनी आधी नापास झालेला पेपर मागितला. त्यातलं एक उदाहरण असं होतं: एका केळीच्या झाडाला सहा घड आहेत, प्रत्येक घडात अठ्ठेचाळीस केळी, तर एकूण केळी किती? पूर्वाचं आजोळ चोपड्याचं. आजोबांच्या बागेत ती दर सुट्टीत हुंदडलेली. तिने लिहिलं होतं, "केळीला एकच घड लागतो. हे खोटं आहे. आमच्या आजोबांना विचारा." शेजारी लाल शाईचा भोपळा.

नानांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. "भाऊ, पोरगी हुशार शे! पेपर काढनारानी केळीनी बाग दखेल नही!"

"नाना, पेपर तपासणाऱ्या बाईंनीही पाहिलेली नाही," मी म्हणालो. "आणि मार्क त्यांच्या हातात आहेत."

नानांनी पेपरची घडी घातली. मग पूर्वाला जवळ बसवलं. "हे बघ बेटा. दुसऱ्याच्या उदाहरणात आपण पाहुणे. त्याच्या झाडाला सहा घड लागतात ना, लागू दे. पाहुण्याने मोजायचं, भांडायचं नाही. भांडायला घरी ये. माझ्याशी भांड."

फेरपरीक्षेला एकवीस दिवस होते. मी कॅलेंडरवर फुल्या मारायला लागलो. पहिल्या आठवड्यात नानांनी उदाहरणं सोडवली चार. त्यातला एक अख्खा दिवस, वर्गातल्या पस्तीस मुलांना सारखे पेढे वाटणारी सुमन एवढी खूश का आहे, यात गेला. मी ओट्याच्या पायरीवर बसून मनातल्या मनात भागाकार करायचो: एवढी उदाहरणं, एवढे दिवस. उत्तर दरवेळी वेगळं यायचं. पूर्वाला गणित कोणाकडून आलं, हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारत नाही.

दुसऱ्या आठवड्यात कुंपण आलं. आयताकृती बागेला तारेचे तीन फेर घालायचे, तर तार किती लागेल? पूर्वा लांबी आणि रुंदी मिळवायची, तीनने गुणायची आणि मोकळी व्हायची. चार वेळा सांगून झालं. पाचव्यांदा नाना उठले, आम्हाला कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर घेऊन गेले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, तुम्ही तार."

"मी?"

"मग काय मी? माझे गुडघे पाहा. चला, खांबापासून सुरू."

मे महिना, संध्याकाळचे पाच, धुळ्याचं ऊन. मी ऑफिसच्या कपड्यांत प्लॉटच्या कडेने चालत होतो आणि पूर्वा मोठमोठ्याने माझी पावलं मोजत होती. लांबी चाळीस पावलं, रुंदी वीस. दोन बाजू झाल्यावर मी थांबलो, तसे नाना ओरडले, "थांबले का भाऊ? निम्मी बाग उघडी शे! बकऱ्या शिरतीन!"

समोरच्या गॅलरीतून एक वहिनी ओरडल्या, "डॉक्टरांनी सांगितलं का चालायला?"

"नाही, मी तार आहे," मी म्हणालो. त्यांनी दार लावून घेतलं.

दुसरा फेर संपताना पूर्वा किंचाळली, "पप्पा, थांबा! एका फेराला एकशेवीस! तीन फेर म्हणजे तीनशे साठ! चारही बाजू घ्यायच्या असतात, मी दोनच घेत होते!"

मी बसायला जागा शोधू लागलो. नाना म्हणाले, "चालू द्या भाऊ. तिसरा फेर ताळ्याचा शे."

परीक्षेच्या दिवशी मी शाळेच्या फाटकाबाहेर उभा होतो. फेरपरीक्षेला चारच मुलं होती, म्हणून बाईंनी लगेच तपासून निकाल सांगायचं कबूल केलं होतं. सगळं मिळून बावीस उदाहरणं झाली होती. मी हे बायकोला सांगितलं नव्हतं.

साडेअकराला रिक्षातून नाना उतरले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पाण्याची बाटली. झाडाखाली बसले, उठले, परत बसले. बाटलीचं झाकण उघडलं आणि न पिताच लावलं. एवढे गप्प मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"नाना, बरं वाटत नाहीये का?"

"तेहतीस वर्षं परीक्षा घेतल्या भाऊ," ते म्हणाले. अहिराणीचा एक शब्द नाही. "आत घड्याळ बघत फिरायचो. बाहेर असं होत असतं, हे ठाऊकच नव्हतं. आमचं कोणी कधी आत बसलं नाही ना."

मी त्यांच्या शेजारी झाडाखाली जाऊन बसलो.

पूर्वा बाहेर आली ती थेट त्यांच्याकडे. "नाना, एका माणसाच्या बारा गायी होत्या, आणि एकेक गाय रोज पन्नास लिटर दूध देत होती! पन्नास! मी काहीच बोलले नाही. गुणाकार केला आणि आले."

नानांनी मान हलवली. हसले नाहीत.

पाऊण तासाने फाटक उघडलं. बाई हातात कागद घेऊन आल्या आणि नाव वाचलं, "पूर्वाचे पालक कोण?"

मी पुढे होणार, एवढ्यात शेजारी हालचाल झाली. नानांनी हात वर केला होता. हजेरीला मुलं करतात तसा, सरळ, ताठ.

मी होतो तिथेच थांबलो.

"पास आहे, आजोबा," बाई म्हणाल्या आणि पुढचं नाव वाचायला लागल्या. नानांचा हात वरच होता.