उत्तमराव वाघमारे यांचा टर्बो

उत्तमराव वाघमारे कानाला लाटणं लावून बसतात. लाटण्याचं एक टोक कानाशी, दुसरं मोटारीच्या इंजिनावर, डोळे मिटलेले. अशा वेळी शेजारी कोणी नुसतं खाकरलं तरी ते एक बोट वर करतात आणि म्हणतात, "थांबा. ती काहीतरी म्हणून राहिली."

'ती' म्हणजे गाडी. कधी पाण्याची मोटर, कधी फ्रीज. एकदा मला सर्दी झाली होती, तर त्यांनी हातातला चहा खाली ठेवला, लाटणं माझ्या छातीला लावलं आणि बराच वेळ ऐकून निदान केलं, "सर, तुमचा एअर फिल्टर चोक हाय."

"अहो, मग पोळ्या कशानं लाटता?" मी विचारलं.

"आपल्याकडं भाकरी. लाटणं रिकामंच पडून ऱ्हातंय."

भाकरी ते स्वतःच थापतात, कारण शीलावहिनी नऊ वर्षांपासून किनवटकडच्या एका निवासी शाळेत मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका आहेत. उत्तमराव नांदेडला मोजणी खात्यात. दिवसभर लोकांच्या शेताच्या हद्दी मोजायच्या आणि संध्याकाळी गाडीपाशी बसायचं. मूळचे शिरूर अनंतपाळचे. आमच्या दोघांच्या घरांमध्ये छातीएवढी भिंत आहे. मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे मला रिकामा वेळ भरपूर असतो असा त्यांचा पक्का समज आहे.

गाडी जुनी, पांढरी, पेट्रोलची, आणि इतकी छोटी की उत्तमराव तीत बसत नाहीत, ती अंगात घालतात. दर शनिवारी सकाळी ते किनवटला निघतात आणि रविवारी दुपारी परततात. जायला साडेतीन तास, यायला साडेतीन तास. नऊ वर्षांत त्यांचा शनिवार चुकल्याचं मला आठवत नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी त्यांच्याकडे एक खोकं आलं. एवढं जड, की ते रिक्षातून उतरवायला आम्ही दोघं लागलो. आत कापसात गुंडाळलेली गोगलगाईच्या आकाराची लोखंडी वस्तू होती, आणि भोवती नळ्याच नळ्या.

"टर्बो," उत्तमराव हलक्या आवाजात म्हणाले. पाळण्यातलं मूल दाखवताना माणूस जसा आवाज लावतो, तसा.

मग त्यांनी मला समजावलं. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर आतला पंखा फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा म्हणजे जास्त ताकद. "सर, आपली गाडी आतापर्यंत अर्ध्याच छातीनं श्वास घेऊन राहिली. तिला पूर्ण श्वास म्हणजे काय, ठाऊकच न्हाई." बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. भिंतीपलीकडे, आंब्याच्या शेंड्याकडे बघत होते. तिथे त्यांना रस्ता दिसत असावा.

दिवाळीच्या सुट्टीत वहिनी घरी आल्या आणि नेमके तेच दिवस उत्तमरावांनी टर्बो बसवायला घेतले. देगलूर नाक्याचे रफिकभाई मिस्त्री मदतीला. सकाळी वहिनी चहा घेऊन बाहेर यायच्या आणि गाडीखालून डोकावणाऱ्या दोन तळपायांशी कप ठेवून आत जायच्या. "भाऊजी," त्या मला म्हणाल्या, "मी सुट्टीभर ह्यांचे पाय बघितले. चेहरा विसरायच्या आत बाहेर काढा त्यांना." हसल्या, पण कप जरा जोरातच ठेवला.

वहिनी परत गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी गाडी सुरू झाली.

खरं सांगतो, पहिली फेरी स्वप्नासारखी होती. आम्ही लातूर रस्त्याला लागलो. उत्तमरावांनी पाय दाबला आणि बॉनेटच्या आतून बारीक शीळ उमटली. पिवळी पडत चाललेली शिवारं मागे सरकू लागली, बाभळी एकमेकींत मिसळू लागल्या, आणि ती शीळ आमच्या पुढे पुढे धावत राहिली. एका मोठ्या ट्रकला मागे टाकलं तेव्हा उत्तमरावांनी मान वळवून त्या ड्रायव्हरकडे पाहिलं, माफी मागितल्यासारखं.

परत येताना धूर सुरू झाला.

तिथून माझी नेमणूक झाली. मी मागच्या सीटवर उलटा, गुडघ्यांवर बसायचं आणि काचेतून धुराचा रंग सांगायचा. पांढरा म्हणजे पाणी, काळा म्हणजे पेट्रोल, निळा म्हणजे ऑइल.

"राखाडी," मी ओरडायचो. "कडेला जांभळट झाक आहे. पावसाळी संध्याकाळ असते ना..."

"सर, कविता नको! रंग सांगा!"

महिना-दीड महिना असा गेला. आधी नळ्यांचे जोड तपासले. रफिकभाईंनी साबणाचं पाणी फासून नळ्यांत हवा भरली, तेव्हा तीन ठिकाणी बुडबुडे आले. तिथले पट्टे बदलले. शीळ सुधारली, धूर राहिला. मग ऑइल बदललं. धूर राहिला. गाडी चढाला लागली की इंजिनातून बरणीत खडे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला. लाटणं लावून उत्तमराव तासन्‌तास बसायचे. "थांबा, ती काहीतरी म्हणून राहिली." पण काय म्हणते ते आता सांगत नव्हते.

शेवटी रफिकभाई गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "साब, ये किट दुसरी गाडी का है. टर्बो का तेल नीचे उतरना होना, यहाँ पाइप सीधा सोता है. तेल जाएगा किधर? निकाल दो."

म्हणजे टर्बोत गेलेलं ऑइल उताराने खाली इंजिनात परत यायला हवं, आणि या एवढ्याशा गाडीत उतार द्यायला जागाच नव्हती. ऑइल तुंबून धुराच्या वाटेनं जळत होतं.

"काढायचं न्हाई," उत्तमराव म्हणाले. "वाट काढू काहीतरी." दर शनिवारी डिकीत ऑइलचे डबे टाकून ते किनवटला जात राहिले.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी निघतानाच वहिनींचा फोन आला. दोन दिवसांपासून ताप होता, आता उभं राहवत नव्हतं. "या आणि मला घेऊन चला," एवढंच त्या म्हणाल्या. वहिनी असं कधी म्हणत नाहीत. उत्तमरावांचा चेहरा बघून मीही गाडीत बसलो.

भोकर गेलं, हिमायतनगर गेलं. पुढे सागाचं जंगल लागलं. पानं झडून गेलेली, रस्त्यावर मोठमोठ्या वाळक्या पानांचा थर. उत्तमरावांनी पाय उचललाच नाही. शीळ वाढत गेली, बरणीतले खडे वाढत गेले, आणि मी मागे वळून पाहिलं तर रस्ताच दिसेना.

"निळा," मी म्हणालो.

ऑइलचा लाल दिवा लागला. खाडकन आवाज झाला आणि गाडी थांबली.

त्या जंगलात इतकी शांतता होती की पान पडलेलं ऐकू येत होतं. उत्तमराव उतरले. बॉनेट उघडलं नाही, लाटणं काढलं नाही. रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडाजवळ उभं राहून फोन लावत राहिले. फोन लागत नव्हता. एकेका पावलावर थांबून ते फोन वर धरायचे, मग आणखी एक पाऊल. असे ते जवळजवळ वळणापर्यंत गेले.

शेवटी एका टेम्पोने आम्हाला घेतलं. वहिनींना तोवर शाळेतल्या बाईंनी जीपमधून किनवटच्या दवाखान्यात नेलं होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. वहिनींना सलाईन लावलेलं, डोळा लागलेला. त्या बाई उठून म्हणाल्या, "काळजी करू नका, ताप उतरतोय. सकाळपासून दाराकडं बघत होत्या."

उत्तमराव कॉटच्या पायथ्याशी उभे राहिले. वहिनींच्या पायावरची चादर सरकली होती, ती त्यांनी नीट केली. मग मला म्हणाले, "रफिकला सांगा, किट काढायचं."

गाडी नांदेडला ओढत आणली. नशिबाने इंजिन वाचलं होतं. काढणं बसवण्यापेक्षा अवघड निघालं. उष्णतेने बोल्ट गच्च बसले होते. दोन दिवस तेल सोडून ठेवलं तरी एक आतच तुटला, तो रफिकभाईंनी ड्रिल मारून कण कण करत काढला. टर्बोला ऑइल देण्यासाठी इंजिनाला पाडलेली वाट तांब्याचा वायसर घालून बंद केली. जुना मूळचा पाइप उत्तमरावांनी फेकला नव्हता. वहिनींच्या जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवला होता.

गाडी सुरू झाली. साधा, घरगुती आवाज. उत्तमरावांनी लाटणं लावलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"काहीच न्हाई. बरी हाय."

मग मी इतके दिवस मनात ठेवलेलं विचारून टाकलं. "उत्तमराव, एवढी घाई कशाची होती हो?"

ते हाताची ग्रीस पुसत राहिले. "चाळीस मिनिटं वाचली असती, सर. रविवारची."

"चाळीस मिनिटांत काय होतं?"

"शनिवारी गेलो की ती मुलींच्यात असती. एखादी आजारी, एखादी रडून राहिली, एखादीचा बाप भेटायला आलेला. आम्ही जेवतो, तेव्हाबी चौघीजणी मधी. रविवारी मी निघतो तेव्हा ती फाटकापर्यंत सोडाया येती. तिथं आम्ही दोघंच. आन् तिथं बोलणं सुरू होतंय. खरं बोलणं. पण तोवर निघायची वेळ झालेली असती, अंधाराआधी जंगल ओलांडायचं असतंय." त्यांनी फडकं खाली ठेवलं. "नऊ वर्षं झाली. दर वेळी अर्ध्यातच राहतंय."

 

वहिनी बऱ्या होऊन कामावर गेल्या. त्यानंतरच्या खेपेला उत्तमरावांनी मलाही सोबत नेलं. गाडी साडेतीन तासांच्या वाटेला चार तास घेत, मोहाच्या वासातून डुलत गेली. रविवारी दुपारी आम्ही निघालो. वहिनी फाटकापर्यंत आल्या. मी गाडीत बसायला लागलो, तर उत्तमराव फाटकाशेजारच्या कट्ट्यावर जाऊन बसले.

"निघायचं न्हाई का?" वहिनी म्हणाल्या.

"उद्याची रजा टाकलीय."

"तुम्ही? रजा?"

"हाव. इथून पुढं म्हैन्यातून एकदा टाकणार. साहेबांना सांगून आलो."

माझ्या रजेचं कोणी विचारलंच नव्हतं. वहिनींनी वसतिगृहाकडे एकदा मागे वळून पाहिलं, पदर सावरला आणि कट्ट्यावर बसल्या.

मी पाय मोकळे करून येतो म्हणालो. ते दोघांनीही ऐकलं नाही. पायवाटेनं रेल्वेच्या रुळापर्यंत गेलो, एक मालगाडी जाताना पाहिली, सागाची पानं तुडवत तासाभराने परत आलो. दुरून पाहिलं तर वहिनी हातवारे करून काहीतरी सांगत होत्या, आणि उत्तमराव मधेच मोठ्यानं हसले. नऊ वर्षांच्या शेजारात मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं.

मी तसाच मागे फिरलो आणि पुन्हा रुळाकडे चालू लागलो.