विहिरीवरची खोली

नव्या घरात राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी पाच पांडवांना कुरडयांच्या राखणीला बसवलं.

मुद्दाम नाही. मे महिना होता. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या माझ्या नोकरीमुळे आम्ही गेवराईकडून अंबाजोगाईत आलो होतो, आणि माझी बायको सुनंदा हिने अजून भांडी खोक्यातून काढली नव्हती, पण गच्चीवर कुरडया घालून मोकळी झाली होती. वारा सुटला. खालचं जुनं पातळ उडायला लागलं. गच्चीच्या कोपऱ्यात चुना लावलेले पाच गोल दगड ओळीने मांडलेले दिसले. बांधकामातून उरलेले असतील म्हणून मी चार दगड चार टोकांना ठेवले आणि पाचवा, जरा मोठा होता तो, मधोमध.

तेवढ्यात घरमालक वर आले. श्रीरंगनाना. वय पंच्याहत्तरच्या पुढे, काठीसारखा सरळ माणूस, डोक्याला टोपी. त्यांनी कुरडयांकडे पाहिलं, चप्पल काढली, आणि कुरडयांना हात जोडले.

"मदी भीम ठिवला का तुमी?"

मला काही कळेना.

"पाच पांडव हायेत ते. येळवसंला लागत्यात. असू द्या, वाळूस्तोर असू द्या. रानात राखण कुणीबी करावी."

नाना खाली गेल्यावर सुनंदा म्हणाली, "भाड्याच्या घरात आठवडा झाला नाही, तर तुम्ही देव कामाला लावले." हे वाक्य तिने नंतर प्रत्येक पाहुण्याला ऐकवलं. आजही ऐकवते.

येळवस मला माहीत नसणं साहजिक होतं. गेवराईजवळच्या आमच्या तलवाड्याकडे हा सण नाही, आणि सुनंदाच्या माहेरी वडवणीलाही तिने कधी पाहिला नव्हता. इकडे मात्र मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव रानात जातं. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची छोटी कोप उभी करतात, तिच्यात पाच पांडव मांडतात, पूजा होते, आणि मग भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खिचडा आणि मडक्यात आंबवलेली ज्वारीची आंबील. ही भज्जी तळलेली नसते, बरं का. तूर, हरभरा, वाल, वाटाणा, जे काही शेंगेत सापडतं ते सगळं बेसनात आणि चिंचेत एकत्र शिजवलेलं. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. त्या दिवशी बाजारपेठेत कुत्रंसुद्धा दिसत नाही. तेही कुणाच्या तरी बांधावर गेलेलं असतं.

नानांनी खोली देताना मला एकच प्रश्न विचारला होता. "शेत हाय का?"

आमच्या भागात हा प्रश्न माणसाचं वजन करायला विचारतात. मी मान खाली घालून सांगितलं, की वडील शिंपी होते, जमीन म्हणाल तर मशीन ठेवायच्या जागेपुरती.

"एक गुंठाबी न्हाई?"

"नाही."

"मग ऱ्हावा."

पुढे कळलं, की आमच्या आधी एक बँकेतले अधिकारी खोली बघायला आले होते. नीटनेटके, घरात दोनच माणसं. बारा एकर शेती आहे हे त्यांनी जरा मिरवत सांगितलं आणि नानांनी त्यांना जिन्यावरूनच परत पाठवलं. नानांचं म्हणणं सरळ होतं. शेत असलेला माणूस येळवसंला आपल्या शेतात जाणार. मग हितं कोण जेवणार?

म्हणजे आमच्या इमारतीतली चारही बिऱ्हाडं बिनशेतीची. आमच्या समोर शाळेतले शेख सर, वरच्या मजल्यावर दवाखान्यातल्या शिंदे सिस्टर, तळमजल्यावर मोबाईल दुरुस्तीवाले एक जोडपं. आणि गच्चीवर नानांचं शेत. रंगाच्या रिकाम्या तीसेक बादल्या. त्यात गहू, ज्वारी, हरभरा. ज्वारीची ताटं पाण्याच्या टाकीपेक्षा उंच व्हायची. कपडे वाळत घालायला गेलं की खालून आवाज यायचा, "पिकात पाय घालू नगा."

नानांची बोलीच रानातली. नळ टपकला, मोटारसायकल आडवी लावली, कुणी कचरा जिन्यात ठेवला, सगळ्याला एकच वाक्य. "रानात असं चालत न्हाई." इमारतीतल्या जागांनाही त्यांनी नावं ठेवलेली. गाड्या लावतो तो कोपरा म्हणजे 'आंब्याखाली'. तिथे आंबा काय, कुंडीसुद्धा नव्हती. वरचा मजला म्हणजे 'वरचा पट्टा'. आणि आमचं घर म्हणजे 'विहिरीवरची खोली'. नवीन माणसाला ते पत्ता सांगायचे, "विहिरीवरच्या खोलीत लायब्ररीवाले ऱ्हात्यात." मी सुरुवातीला खिडकीतून विहीर शोधली. मग शेख सरांना विचारलं. ते म्हणाले, "अरे भाई, मी सहा साल झाले आंब्याखाली गाडी लावतो. मी विचारलं का आंबा किधर आहे?"

येळवसंच्या दिवशी नाना गच्चीवर बादल्यांच्या मधोमध कोप उभी करायचे. कडब्याच्या पेंढ्या स्वतः तीन जिने चढवून न्यायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे स्वयंपाकही स्वतःच. आंबील आदल्या दिवशी लावलेली. आम्ही चारही बिऱ्हाडं पंगतीला बसायचो, टाकीच्या सावलीत. जेवणं झाली की एक विधी असतो: आंबील पिकात शिंपडत शेताला फेरी मारायची. नाना बादल्यांवर शिंपडायचे, आणि मग मडकं घेऊन थेट खाली उतरायचे. कॉलनीत. ब्युटी पार्लरच्या भिंतीवर, पिठाच्या गिरणीमागे, ट्यूशनच्या गेटपाशी, एका विजेच्या खांबावर, असं शिंपडत शिंपडत चार गल्ल्या फिरून परत. लोक बघायचे. पार्लरवाल्या बाई दरवर्षी भिंत पुसायच्या. मी मात्र त्या वेळेला हटकून गच्चीवर पत्रावळ्या गोळा करायला थांबायचो. सोबत जायची लाज वाटायची, खरं सांगायचं तर.

अशा तीन येळवसा झाल्या. चौथ्या वर्षी आमच्या ग्रंथपाल साहेबांनी मला त्यांच्या शेतावर बोलावलं.

साहेब बोलावतात म्हणजे काय हे नोकरी केलेल्याला सांगायला नको. जीप घ्यायला येणार होती. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा सुनंदा म्हणाली, "आणि नाना?"

"एक वर्ष तर आहे. बाकीचे असतील की."

बाकीच्यांनीही तेच ठरवलं होतं हे मला ठाऊक नव्हतं. शेख सरांना मुख्याध्यापकांचं आमंत्रण, सिस्टरांना डॉक्टरांचं, मोबाईलवाले सासुरवाडीला. प्रत्येकाने धरून चाललं होतं, की बाकीचे तिघे आहेतच.

नानांना मी सांगितलं, की वडवणीला हिचे काका आजारी आहेत, जावं लागतंय. सुनंदा शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही.

नाना म्हणाले, "जावा जावा. दुखणं आधी." आणि सकाळी निघताना त्यांनी आंबिलीने भरलेली पाण्याची बाटली हातात ठेवली. "पाव्हण्याला द्या. पोटाला थंड असती."

ती बाटली पिशवीत, पिशवी मांडीवर आणि मी सुनंदासोबत साहेबांच्या जीपमध्ये. रस्ता खड्ड्यांचा. शेत दिसायला लागलं तसं आंबवलेल्या आंबिलीने झाकण उडवलं आणि माझ्या इस्त्रीच्या शर्टाचं, पँटचं आणि जीपच्या सीटचं शिंपण झालं. साहेबांनी खिशातला रुमाल काढून स्वतःच सीट पुसली. साहेब स्वतः पुसतात तेव्हा जास्त त्रास होतो.

साहेबांचे वडील, आबा, कोपीपाशी बसले होते. मी ओला होऊन समोर गेलो तशी त्यांनी बाटलीत उरलेली आंबील वाटीत ओतली आणि चाखली.

"ही कुणाच्या घरची?"

"आमच्या घरमालकांची."

"श्रीरंगाची? वळखली मी. जिरं भाजून घालायची रीत त्याच्याच घरची. त्याच्या मालकिणीची." आबांनी वाटी संपवली आणि आमच्यापुढे ताटं वाढायला लावली. "तुमी त्याच्या रानात ऱ्हाता तर."

"इमारतीत राहतो."

"तेच म्हणतो मी. ती समदी कॉलनी हाय ना, ते त्याचं रान. आठ एकर. गाव वाढत गेलं, हळूहळू प्लॉट पडलं. येळवसंला त्याच्याइतकी पंगत कुणाची न्हवती बघा. त्याची मालकीण रस्त्यावर हुभी ऱ्हायची, जाणाऱ्याला हाताला धरून आणायची. म्हणायची, आज कुणी माझ्या बांधावरनं उपाशी जायचं न्हाई. मोठा आंबा होता, त्याच्याखाली बसायची माणसं. आन् शेजारी विहीर. ती बुजवून त्येच्यावर इमारत बांधली त्यानं. रान गेल्यावर आमी समद्यांनी लई बोलावलं त्याला. कुणाच्याच रानात गेला न्हाई."

मी सुनंदाकडे पाहिलं. ती हातातला उंडा तसाच धरून बसली होती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. शेख सर. "भाई, तुम्ही नानाजवळ आहात ना? मी जरा मुख्याध्यापकांच्या शेतावर आलोय."

"सर, मी साहेबांच्या शेतावर आहे."

सरांनी पलीकडे कुणाला तरी ताट बाजूला ठेवायला सांगितलं. मग सर म्हणाले, "मग वर कोण आहे?"

आम्ही निघालो तेव्हा ताटं निम्मी झाली होती. साहेबांना काय सांगितलं ते आता आठवत नाही. बहुतेक पुन्हा वडवणीचे काकाच पुढे केले असतील.

गच्चीवर पोचायला तीन वाजले. कोप उभी होती. तिच्यात पांडव, पुढे भज्जीचं मोठं पातेलं झाकलेलं. टाकीच्या सावलीत बारा पत्रावळ्या मांडलेल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एकेक कणीस. सावली केव्हाच सरकून गेली होती, पत्रावळ्या उन्हात होत्या. नाना एकटे कठड्याला टेकून रस्त्याकडे बघत बसले होते.

"आलात व्हय. पाव्हणं कसं हायेत?"

मी म्हणालो, "बरे आहेत आता."

"नाना," सुनंदा म्हणाली, "कुणी आजारी नाही. आम्ही दुसऱ्यांच्या शेतात जेवायला गेलो होतो."

नानांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. "म्हाईत हाय. आजाऱ्याला बघाया जाताना माणूस सेंट मारत न्हाई."

"मग आंबील कशाला दिली?"

"म्हणलं, तिथं कमी पडली तर."

मला शर्टावरचा डाग लपवावासा वाटला, पण तो गळ्यापासून गुडघ्यापर्यंत होता.

"तुम्ही जेवला नाहीत?" सुनंदाने विचारलं.

"रानात धनी आधी जेवत न्हाई."

अर्ध्या तासात शेख सर घरच्यांना घेऊन धापा टाकत आले, मागोमाग सिस्टर. मोबाईलवाले तेवढे आले नाहीत. त्यांची सासुरवाडी लातूरच्या पलीकडे. त्यांच्या दोन पत्रावळ्यांवर सुनंदाने गिरणीवाल्याला आणि पार्लरवाल्या बाईंना खालून बोलावून बसवलं. जिन्यात हाताला धरूनच आणलं दोघांना. नाना तिच्याकडे बघत राहिले. मग उंड्यांची परात तिच्या हातात दिली आणि प्रथमच दुसऱ्या कुणाला तरी वाढू दिलं.

त्या दिवशी मी एका पोटात दोन शेतं जेवलो. शेख सरांचीही तीच गत. दोघंही एकमेकांकडे न बघता घास गिळत होतो. नाना म्हणाले, "सावकाश. भज्जी पळून जात न्हाई. साहेबाच्यात चिंच कमी असती ना?" मी पटकन "हो" म्हणालो.

मग ते मडकं घेऊन उठले. मी पत्रावळ्यांकडे वळलो नाही. पुढे होऊन मडकं मी घेतलं. त्यांनी ते दिलं, का म्हणून विचारलं नाही.

पार्लरची भिंत, गिरणीचा मागचा भाग, ट्यूशनचं गेट, विजेचा खांब. मी मडकं धरून चालत होतो, ते शिंपडत होते. मधेच ते थांबत, पायाने जमीन चाचपत आणि मगच वळत. गल्ली सरळ जात होती, पण बांध तिथे वळत असणार. परत येऊन आमच्या न्हाणीघराच्या बरोबर खाली भिंतीपाशी ते थांबले. मडकं माझ्या हातातून घेतलं आणि राहिलेली सगळी आंबील तिथे ओतली.

"लई पाणी होतं विहिरीला," ते म्हणाले.

वर आल्यावर मी पट्टा सैल करून आडवा पडलो. सुनंदा माझा शर्ट बादलीत भिजवत होती. मग शर्ट पिळून बाहेर आली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी साहेबांनी विचारलं तर आधीच सांगून टाका. म्हणावं, येळवसंला आम्हाला आमचं रान सोडून येता येत नाही."