सुवर्णसंध्या मोडमधलं बाळ

अंधारात माणूस ठेचकाळतो, हे सर्वमान्य आहे. परंतु तज्ज्ञांनी आखलेल्या, रिमोटवर कमीजास्त होणाऱ्या प्रकाशात ठेचकाळायला थोडं शिक्षण लागतं. माझं बी.कॉम. झालं आहे.

बाळाला घरी सोडताना दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "रोज सकाळी खिडकीशी नेऊन उजेडात बघायचं. बाळ पिवळं वाटलं किंवा दूध प्यायला उठेना, तर लगेच आणा." मी "हो हो" म्हटलं. अशा सूचना त्या सरसकट सगळ्यांनाच देत असणार. ज्यांच्याकडे प्रकाशयोजना नाही, त्यांनी खिडकी वापरावी. आमच्याकडे प्रकाशयोजना होती. (खिडकीही होती. ती योजनेच्या मागे गेली होती.)

योजना रूपेश यांची. ते उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये प्रकाश सल्लागार आहेत. पूर्वी लग्नाच्या मांडवाला दिव्यांची सिरीज लावायचे. आता घराचाच मांडव करून देतात, ही त्यांची प्रगती. आमच्या बदलापूरच्या, कात्रपमधल्या फ्लॅटच्या प्रत्येक खोलीत उभं राहून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "भाभी, इथे ॲक्टिव्हिटी काय होणार?" कारण जशी ॲक्टिव्हिटी तसा उजेड, हे शास्त्र आहे. त्या शास्त्रानुसार आमच्या घरी पुढीलप्रमाणे उजेड मंजूर झाला.

बैठकीची खोली, पाहुणे असताना: छतात बारा स्पॉट, शोकेसमध्ये चार. शोकेसमधल्या काचेच्या बदकाचं पीस न् पीस दिसतं. पाहुणे नसताना: टीव्हीचा उजेड येतो तेवढा. (घरच्या माणसांनी एकमेकांना पाहिलेलं असतंच.)

स्वयंपाकघर: सगळे दिवे बाईच्या पाठीमागे. कांदा स्वतःच्याच सावलीत चिरावा लागतो, पण मागची मांडणी झकास उजळते.

देवघर: रंग बदलणारी पट्टी. गणपती आलटून पालटून हिरवा, जांभळा आणि गुलाबी होतो. सासूबाईंनी तक्रार केली तेव्हा रूपेश म्हणाले, "मावशी, देव भी बोअर होतो ना."

बाथरूम: सेन्सर. माणूस हलला तर उजेड, शांत बसला की अंधार. त्यामुळे आमच्याकडे आतून अधूनमधून हात हलवावा लागतो. बाहेरच्याला वाटतं, कोणीतरी निरोप घेतंय.

अभ्यास, औषधाची बाटली वाचणे, सुईत दोरा ओवणे: तरतूद नाही. रूपेश यांच्या कॅटलॉगमधलं कुणीच असलं काही करत नव्हतं.

राहिली बाळंतिणीची खोली. वास्तविक पहिलं बाळंतपण माहेरी करायचं. माझं माहेर अंबरनाथला, पण तिथे एक खोली आणि एक पांढरी ट्यूब. त्या ट्यूबखाली माणूस जसा असतो तसाच दिसतो. फोटोला ते चालत नाही. म्हणून सगळ्यांच्या सोयीने असं ठरलं, की मी बदलापूरलाच राहावं.

या खोलीसाठी रूपेश यांनी 'सुवर्णसंध्या' मोड दिला. चोवीस तास मावळतीचा पिवळा उजेड. "याच्यात सगळेच गोरे दिसतात, भाभी. माझ्या साडूला पण याच्यातच बघायला आलेली पोरगी. लगेच पसंत!" बाहेरचा उजेड आत घुसला की मूड जातो, म्हणून खिडकीवर जाड पडदा आणि त्याच्या कडांना वेल्क्रो. याला सासूबाईंनी ताबडतोब मान्यता दिली. बाळंतिणीच्या खोलीत उजेड नको, वारा नको, हे त्या लग्नापासून सांगत आल्या होत्या. जुनी रीत आणि नवी फॅशन यांचं आमच्या घरात प्रथमच कशावर तरी एकमत झालं, आणि ते खिडकी बंद ठेवण्यावर.

मी निष्काळजी आई नव्हते, हे नमूद करते. उलट. बाळ झोपलं की त्याच्या नाकाखाली बोट धरून मी श्वास बघत असे. त्याच्या शिंकेचा अर्थ मोबाइलवर शोधत असे. पाळण्याचे स्क्रू मी स्वतः हलवून बघितले होते. घरातली प्रत्येक गोष्ट मी डोळ्यात तेल घालून बघत होते, फक्त उजेड तेवढा आधीच बघून झालेला होता.

बाळ झोपायचं फार. दुधालाही उठायचं नाही. "किती गुणी आहे गं!" शेजारची किर्ती म्हणाली. "आमची भाविका तर घर डोक्यावर घ्यायची." गुणी मूल कसं ओळखावं, तर ते त्रास देत नाही. मी समाधानाने पुन्हा नाकाखाली बोट धरलं.

माझे यजमान संदीप यांनी त्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. प्रतिक्रियांचं वर्गीकरण असं: 'सोन्याचा गोळा' बहुमताने, 'किती ग्लो आहे' त्याखालोखाल, आणि 'लाइट कुठून घेतल्या?' तिघांनी. बाळ कसं आहे, असं शून्य. फोटोतच तर दिसत होतं.

मग एका सकाळी वीज गेली.

इन्व्हर्टर होता, पण त्याच्यावर शोकेस आणि वायफाय एवढंच घेतलेलं. बदक लखलखत राहिलं आणि आम्ही तिघं घामाघूम झालो. "अगं, उकडून जाईल पोर," म्हणत सासूबाईंनी पडदा ओढला. वेल्क्रो चर्रकन फाटला. बऱ्याच दिवसांनी त्या खोलीत ऊन आलं. फुकटचं, भगभगीत, कुठलाही मोड नसलेलं.

सासूबाई पाळण्याशी वाकल्या.

"रुचिका, हळद लावलीस का गं याला?"

"नाही हो आई."

"मग हे काय?"

मी पाहिलं. कपाळ, पोट, तळपाय. डोळ्यांचं पांढरं. मी त्याला हाक मारली, तळव्याला टिचकी मारली. ते गुणी बाळ उठलं नाही.

रिक्षात मी त्याला उघड्या बाजूला, उजेडात धरून बसले होते. सूचनेचं पालन अशा रीतीने, थोडं उशिरा, पण पूर्णपणे झालं.

डॉक्टरीणबाईंनी त्याचं कपाळ बोटाने दाबून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "खिडकीशी नेत होतात ना?"

"आमच्याकडे वॉर्म व्हाइट लाइट आहे," संदीप म्हणाला.

"कावीळ आहे ही. अजून वाढली तर मेंदूपर्यंत जाते. कळतंय का?"

संदीपने फोन खिशात ठेवला.

काविळीवर उपचार काय केला असेल? उजेड. कसलीही सजावट नसलेल्या पेटीत बाळाला उघडं ठेवून, डोळ्यांवर पट्टी बांधून, वरून निळ्या दिव्यांचा झोत. रिमोट नाही, मोड नाही. इतका कुरूप उजेड मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि इतका वेळ एकटक कुठल्याही उजेडाकडे बघत उभी राहिले नव्हते. शेवटी एकदाचं ते गुणी मूल भोकाड पसरून रडलं. सासूबाई म्हणाल्या, "रड बाबा, घर डोक्यावर घे."

बाळ वाचलं. वीज कोणी घालवली ते मला ठाऊक नाही. नाहीतर पेढे दिले असते. रूपेश यांनी मात्र आपणहून फोन केला. "भाभी, वो ब्लू वाला किस कंपनी का है? बेबी रूमच्या पॅकेजमध्ये टाकू."

फोटो अजून ग्रुपवर आहे. लाल बदाम टाकणाऱ्यांत तुम्हीही होतात, किंवा असता. फोटो छानच आला होता. तुमच्याही जिन्यात सध्या कुणाच्या तरी दारामागे एक तान्हं बाळ असेल, फार गुणी, रडत नाही म्हणे. मघाशीच तुम्ही त्याला बदाम टाकलात. आता जरा उठा. बेल वाजवा. पडदा बाजूला करायला सांगा, आणि त्याला खिडकीशी नेऊन बघा. लाइट कुठून घेतल्या, ते नंतर विचारा.